शेकरू बघायला गेले, ओल्या दगडापाशी थांबले

"पुढच्या दिवाळीला भीमाशंकरला जाऊ, शेकरू बघू," असं माझे मिस्टर दरवर्षी म्हणायचे. यंत्रमागावर काम, सुट्टी तेवढीच. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. यंदा मीच निघाले. आणखी एक गोष्ट होती. मुलगा संदीप चाकणला असतो. सोलापूरचं घर विकून मी कायमचं त्याच्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईकही तयार होतं. या प्रवासात मी हो की नाही ते सांगायचं होतं.

सकाळची पुण्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन दिवस खाण्याचं बघावं लागत नाही. रात्री चाकणला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संदीपबरोबर राजगुरुनगरवरून भीमाशंकर. शेवटचा रस्ता वळणांचा आहे, पोट नाजूक असेल तर पुढं बसा. स्वेटर हवाच.

देवळाची गर्दी सोडून ठकूबाईंबरोबर रानात शिरलो. त्या तिथं चहा विकतात, वाटही दाखवतात. एका कातळावरून पाण्याची बारीक धार पडत होती. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. हात आपोआप पिशवीत गेला आणि मी रिकामी बाटली त्या धारेखाली धरली.

"आई, वर बघ! शेकरू!" संदीप ओरडला. मी वर बघेपर्यंत फांदी नुसती हलत होती.

ठकूबाई हसल्या. "मावशी, एवढ्या लांबून आलात ते पाणी भरायला व्हय?"

मीही हसले. पण वाकल्यामुळंच मला ती दिसली. दगडाला चिकटलेली, चपटी, टोकाशी दुभंगलेली हिरवी पट्टी. वाचनालयातल्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं. यकृतका. शेवाळाच्या नात्यातली. मुळं नाहीत, केसासारख्या धाग्यांनी दगड धरते.

"उन्हाळ्यात ही कुठं जाते?" मी विचारलं.

"कुठं जातीय? हितंच वाळून काळी पडती. पाणी मिळालं की परत हिरवी."

पुढं शेकरू नीट दिसलं. तांबूस पाठ, पिवळट पोट, मांजराएवढा जीव. एवढ्या लांब उडीनंतर फांदी जेमतेम वाकली. हे असते तर टोपी काढून बघत राहिले असते.

"एकाच शेकराची चार-पाच घरटी असतात," ठकूबाई म्हणाल्या.

संदीपनं लगेच धरलं. "बघ आई, ते कुठंही राहतं. तूच एका भिंतीला चिकटून बसलीस."

तो चुकीचं बोलला नाही. शेकरूला झाडाला झाड लागलेलं हवं, मग अख्खं रान त्याचं. यकृतकेला वीतभर दगड पुरतो, पण ओल तिथंच यावी लागते. संदीप शेकरू आहे, त्याचं बरं चाललंय. मी त्या जातीची नाही. परतीच्या एसटीत बसण्याआधी त्याला सांगितलं, "घर विकायचं नाही. सणाला येत जाईन. तूही येत जा." त्यानं माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. हे हौद काठोकाठ भरायचे, सांडेपर्यंत, आणि मी ओरडायचे. एकटीला निम्मा पुरतो, म्हणून दोन वर्षांत हौदाची बाहेरची भिंत भिजलीच नव्हती. तिच्यावरचं हिरवं वाळून काळं झालंय. ते परत येईल का, माहीत नाही. माणूस येत नाही, हे माहीत आहे.

"ओ काकू, हौद वाहतोय की! लक्ष कुटं हाय?" शेजारची सुमन ओरडली.

"हितंच हाय," मी म्हणाले. "वाहू दे जरा."