कुम्हारीची लाल गाडी आणि माझं लिलावाचं ज्ञान

जगातल्या दुर्मीळ गाड्यांना लिलावात काय भाव येतो, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि आमचं नुकसान नेमकं तिथूनच सुरू झालं.

मी दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यातून कॉलेजचं फाटक ओलांडलेला पहिलाच. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते आणि त्यांची अशी श्रद्धा होती की पोरगा जे वाचतो ते छापलेलं असतं, म्हणजे खरं असतं. मी एकदा बोलता बोलता म्हणालो की टोमॅटो हे शास्त्राप्रमाणे फळ आहे. दुसऱ्या दिवशी आईने टोमॅटो भाजीच्या टोपलीतून उचलून देवापुढे केळ्यांशेजारी ठेवले. अशा घरात माणसाने जपून बोलायला हवं. मी जपलो नाही.

कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी मासिक सापडलं. त्यात वेगवान गाड्यांवर लेख होता. एखादी कंपनी एका जातीच्या मोजक्याच गाड्या बनवते, साचा मोडून टाकते, आणि मग त्या गाड्या जुन्या झाल्या, खरचटल्या, कुणाच्या तबेल्यात वर्षानुवर्षं पडून राहिल्या, तरी लिलावात नव्यापेक्षा कितीतरी पट भाव खातात. मी तो लेख परीक्षेला असल्यासारखा वाचला आणि रात्री जेवताना घरी सांगितला.

"गाडी जितकी कमी बनते ना बाबा, तितकी महाग होते."

बाबांचा घास हातातच राहिला. "जुनी झाली तरी?"

"जुनी झाली की अजूनच."

"आपली सायकल बी जुनीच आहे," आई म्हणाली.

"तशा लाखो बनल्या ना, आई."

आईने दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. त्या नजरेत सायकलीची किंमत त्याच क्षणी पडली.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे ज्ञान निरुपद्रवी ठरलं असतं. पण आठवड्याभरात शेजारचे साहूकाका (बाबांच्याच मिलमधले, बाबांचे जिवलग) बातमी घेऊन आले. कुम्हारीला एका शेठने छोट्या कारखान्यात स्वतःची दोन दारांची, बुटकी, वेगात धावणारी गाडी बनवायला घेतली होती. कारखाना बुडाला आणि आता सगळ्याचा लिलाव होता.

"तीने ठन बनाए रिहिस सेठ ह," साहूकाका त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले.

"म्हणजे तीनच बनवल्या?" बाबांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"अऊ दू ठन तो टूट गे."

म्हणजे दोन मोडल्या. जगात एकच उरली. माझ्या अंगावर काटा आला. मासिकातल्या गाड्यासुद्धा इतक्या दुर्मीळ नव्हत्या!

आता हे सांगायला हवं की घरात तेव्हा पैसे होते, आणि ते स्कूटरचे होते. कित्येक वर्षांपूर्वी नोंदवलेल्या स्कूटरचा नंबर अखेर लागला होता. बाबांचा उजवा गुडघा सायकलीने खाल्ला होता. पहिल्या पाळीला निघताना ते पायडलवर पाय ठेवायच्या आधी गुडघ्याला दोन शब्द समजुतीचे सांगत. ती स्कूटर म्हणजे चैन नव्हती, तो गुडघाच होता.

"मंग काय म्हणतं तू?" बाबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "आधी गाडी घेऊ. रायपूरला कुणी शौकीन भेटला की विकू. मग स्कूटर घ्या, नाहीतर दोन घ्या."

"अन् नाहीच विकली तं?"

 याचं उत्तर बाबांनी स्वतःच शोधलं. भिलाईत माणूस कोणतीही वस्तू घेताना ती वजनात किती भरेल हे मनात धरून चालतो. लग्नातला आहेरसुद्धा आधी हातात तोलून पाहतात. बाबा म्हणाले, "नाहीच विकली तं भंगारात तं जाईलच. गाडी आहे, लोखंड कुठं जाते?"

असा आमचा बेत दोन्ही बाजूंनी पक्का झाला.

लिलावाच्या आधी मी बाबांना तीन गोष्टी पढवल्या. सगळ्या मासिकातल्या. गाडीच्या जवळ जायचं नाही, कारण आवड दिसली की भाव चढतो. आडोशाला उभं राहायचं. आणि तोंडाने बोलायचं नाही, नुसती खूण करायची, मोठी गिऱ्हाइकं तसंच करतात. आई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. ती ऐकत होती हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

कुम्हारीच्या त्या कारखान्याच्या टिनाच्या शेडची उन्हाने भट्टी झाली होती. बाबा पाळी संपवून थेट आलेले, हातात प्लांटचं पिवळं हेल्मेट. आम्ही एका मोठ्या लेथ मशीनच्या मागे उभे राहिलो. लांब दुसऱ्या टोकाला ती गाडी होती. लाल, धुळीने माखलेली, जमिनीला चिकटून बसलेली, बेडकासारखी. बाबा म्हणाले, "जवळून एक डाव हात लावून पायतो ना."

"नाही बाबा. आवड दिसेल."

बाबांनी हात मागे घेतला. माझ्या शिक्षणाचा असा मान राखला जात होता.

मशिनी, वजनकाटे, पंखे पटापट गेले. गाडीची पाळी आली तसे सगळे कबाडी, म्हणजे भंगारवाले, उठून चहा प्यायला बाहेर गेले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या सौद्यापुढे ते बिचारे बुजले.

"डेढ़ हज़ार से बोलिए," लिलाववाला ओरडला.

बाबांनी हेल्मेट वर केलं. शेडच्या मागच्या बाजूला रिकाम्या ड्रमांची उतरंड होती. तिच्या मागून एक काळी छत्री वर आली.

"दो हज़ार!"

हेल्मेट वर. छत्री वर. पुन्हा हेल्मेट. पुन्हा छत्री. ड्रमांमागचा माणूस आम्हाला दिसत नव्हता आणि लेथमागचे आम्ही त्याला. लिलाववाला दोघांच्या मधे उभा राहून टेनिस पाहावं तशी मान वळवत होता.

"कोण आहे बे तो?" बाबा कुजबुजले.

"जाणकार आहे, बाबा."

"तुले कसं समजलं?"

"छत्री पाहा ना. जरा तरी हलते का?"

पाच हजार झाले, साडेपाच झाले. भाव चढत होता तसा मी आनंदाने फुलत होतो, कारण लेखातला शब्द न् शब्द डोळ्यांदेखत खरा ठरत होता. (ते पैसे आमचेच आहेत, हा विचार आनंदात मागे पडला.) सात हजारांना बाबांनी डाव्या हाताने उजवा गुडघा धरला आणि उजव्या हाताने हेल्मेट वर केलं. छत्री वर. आठ हजार.

"बस करू का?" बाबांनी विचारलं.

तेव्हा "हो" म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी म्हणालो, "बाबा, तो माणूस उगीच आठ देईल का?"

हेल्मेट वर गेलं. साडेआठ. छत्री अर्धी वर आली, थरथरली आणि खाली गेली. एक बार, दो बार, तीन बार. स्कूटर संपली. कबाडी चहाचे ग्लास हातात घेऊन परत आले आणि गाडीकडे न बघता आमच्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात ड्रमांमागून छत्री मिटत एक माणूस आला. आमचा गुलाबमामा. आईचा धाकटा भाऊ, कॅम्प-१ वस्तीत किराणा दुकान चालवतो.

"भाऊजी, माफ करा मले," मामा घाम पुसत म्हणाला. "आपली गाडी गेली. ताईनं आठच्या वर जाऊ नको म्हणून बजावलं होतं. कोण्या येड्यानं साडेआठ दिले, काय माहीत."

बाबांनी हेल्मेट डोक्यावर घातलं.

मामाने हेल्मेट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग छत्री पाठीमागे लपवली, जशी काही बोली तिनेच लावली होती.

आईचं म्हणणं घरी कळलं. तिला वाटलं, बाबा भिडस्त, ऐन वेळी हात वर करणार नाहीत आणि हातची गाडी जाईल. म्हणून तिने भावाला पाठवलं, आणि माझे तिन्ही नियमही नीट समजावून दिले. लपायचं, बोलायचं नाही, जवळ जायचं नाही. मामाने ते माझ्यापेक्षा चांगले पाळले.

गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायला माणसं बोलावली, तर चढवता चढवता बाबांचा चेहरा उतरत गेला.

"इतकी हलकी कशी हे?"

प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरपुढे गाडी उतरली तेव्हा अर्धा सेक्टर जमला होता. साहूकाकांनी घरातून लोहचुंबक आणलं आणि दारावर लावलं. ते घसरून मातीत पडलं. बोनेटवर लावलं, पडलं. छतावर लावलं, तिथूनही पडलं. साहूकाका इतकी वर्षं पोलादात राहिलेले, त्यांना ते अपशकुनासारखं वाटलं.

"एमा तो लोहच नइ हे, भाई." त्यांनी बोटाने दारावर टकटक केली. बादलीसारखा आवाज आला.

अंग सगळं फायबरचं होतं. आख्ख्या भिलाईत, जिथे धुळीतही लोखंड असतं, बाबांनी शोधून शोधून बिनलोखंडाची गाडी घेतली होती. मला रायपूरचा एकही शौकीन सापडला नाही. वस्तू एकच उरलेली असणं आणि ती कुणालाच नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लेखात असावं. मी ते पान न वाचताच उलटलं असणार.

शेवटी दुर्गच्या एका मिस्त्रीने इंजिन आणि खालचा सांगाडा नेला. थोडेफार पैसे आले. स्कूटरचा नंबर तोवर पुढच्या माणसाकडे गेला होता. लाल टरफल अंगणात राहिलं. आई त्यावर वड्या वाळत घालू लागली आणि शेजारणी म्हणत, वड्या छान कडक होतात.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पहाटे उठत, गुडघ्याची समजूत घालत आणि सायकलवर टांग टाकत. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी कॉलेजला जाणं बंद केलं आणि प्लांटच्या गेटवर ठेकेदाराकडे मजुरीला नाव दिलं. स्कूटर मीच भरून द्यायची असं ठरवलं होतं.

दोन दिवसांत साहूकाकांनी बाबांना सांगितलंच. संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते, गुडघ्याला तेल चोळत. मला समोर बसवलं.

"मजुरीवर जाऊन राहिला म्हणे?"

"हो बाबा."

"कावून?"

"माझ्या शिकण्याचा काय उपयोग झाला, बाबा? तुमची स्कूटर गेली."

बाबांनी इंजिनाचे आलेले पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "दुसऱ्या वर्षाची फी भर उद्या."

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघ्याले सवय आहे." मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं, जिथे त्या टरफलाभोवती अजूनही पोरं जमत. "हे पाय बेटा, तू लई शिकला म्हणून हे झालं असतं, तं मी तुले घरी बसवलं असतं. पण तू अजून लई कमी शिकला आहेस. हे आता साऱ्या सेक्टरले दिसून राहिलं."

त्या वाक्याचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. मी बी.एस्सी. झालो. मग एम.एस्सी. करू का, असं भीत भीत विचारलं, तर बाबांनी एका क्षणात होकार दिला. आई म्हणाली, शिक्षणावर केवढा विश्वास आहे बघ त्यांचा. विश्वास होताच, पण मला वाटतं, मला अर्धवट शिकलेला मोकळा सोडायची बाबांना भीती जास्त होती.