अण्णांच्या विमानाचं अस्तर

नवा रायपूरच्या ऑफिसात मी इतकी वर्षं फायली सरकवतोय, पण सांगण्यासारखा किस्सा म्हणाल तर एक नाही. आणि उरल्याला, रायपूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये नुसता रविवारचा जात होतो, तर किस्से इतके साठलेत की कोणाचंही लग्न असो, जेवता जेवता कोणीतरी म्हणतंच, "सुनीलभाऊ, तो विमानाचा सांगा ना!"

सांगतो. पण आधी माझी तक्रार ऐका. आम्ही विमान जोडलं म्हटलं की लोक इंजिनचं विचारतात, पंखांचं विचारतात. आतले पॅनल कोणी लावले, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. मी लावले! लावले, काढले, परत लावले. त्याचं कोणाला काही आहे का?

आमचे अण्णा खेडकर रेल्वेतून रिटायर झालेले. तरुणपणी विमान चालवायला शिकले, मग नोकरी लागली, संसार आला, ते राहिलंच. रिटायर झाल्यावर त्यांनी लायसन पुन्हा काढलं आणि दोन सिटांच्या विमानाचा किट मागवला. सगळे भाग खोक्यांत भरून येतात, जोडायचं आपण. जागा दिली मुकेश भैयाने, त्याची उरल्यात वेल्डिंगची शेड आहे. पंडरी बाजारात पडद्याच्या कापडाचं दुकान असलेला विलास आमच्यात का होता, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक डब्यासाठी. कारण दर रविवारी अण्णांच्या घरून काकूंचा चार कप्प्यांचा डबा यायचा: पाटोडीची भाजी, भरली वांगी, तुपाने थबथबलेल्या पोळ्या आणि वर काहीतरी गोड. अण्णांचं पोट त्या डब्यानेच वाढवलेलं होतं.

*

खरं तर अण्णा पॅनल लावणारच नव्हते. "आतून सजवून काय करतो? उडते तर बाहेरून!" असं त्यांचं म्हणणं.

मग एक दिवस काकू विमान बघायला आल्या. अण्णांनी हौसेने दार उघडलं. हे विमानाचं सगळं चाललंच होतं काकूंसाठी. पहिल्यांदा शेजारी बसवायचं ते तिलाच, हे अण्णांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. काकूंनी आत डोकं घातलं. उघडा पत्रा, रिव्हेटा, लोंबणाऱ्या वायरी.

"बाप्पा! हे तर रेशनच्या दुकानातलं कपाट हाये. पत्रा दिसला तर मी नाही बसत ह्यात."

"झाकला तर बसशील?" अण्णांनी विचारलं.

"पाहू," काकू म्हणाल्या आणि डबा ठेवून निघून गेल्या.

झालं. अण्णा माझ्याकडे वळले. "सुनील, तुले घरी फॉल सीलिंग केल्याचा अनुभव आहे ना?" अहो, केलं ते कंत्राटदाराने! मी फक्त पंखे पुसले होते!

*

विमानाचं पॅनल म्हणजे पातळ शीट, त्यावर फोम, त्यावर कापड. वजनाला हलकं पाहिजे आणि कापड पेटणारं नको. म्हणून घेण्याआधी तुकडा जाळून बघायचा. अण्णांनी माझ्या हातात काडेपेटी दिली आणि पंडरीला पाठवलं.

तुम्ही कधी कापडाच्या ठोक बाजारात काडेपेटी घेऊन फिरलाय? पहिल्या दुकानात मी सभ्यपणे म्हणालो, "भैया, थोडासा जलाकर देखूँ?" त्याने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दुकानापर्यंत माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. तिसऱ्याने तर शटर अर्धं खाली ओढलं!

शेवटी विलासच्या दुकानात गेलो. घरचा माणूस. त्याने मरून रंगाचं मखमली कापड काढलं, त्यावर पितळी बटणं लावून देतो म्हणाला. मी मागच्या अंगणात तुकड्याला काडी लावली. फुलझडी! विलास लाल झाला. "सुनीलभाऊ, माह्या दुकानात आजवर लोकांनी भाव पाडला, माल पाडला. आग लावणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिले!"

त्या दिवशी डब्यातला श्रीखंडाचा कप्पा त्याने एकट्याने संपवला. म्हणे, नुकसानभरपाई.

*

न पेटणारं कापड शेवटी मिळालं. फिकट रंगाचं, साधं, छान. आता सांगा, फिकट कापड उरल्यात चिकटवायचं म्हणजे काय? आजूबाजूला सगळ्या रोलिंग मिला. काळी धूळ अशी उडते की सकाळी पांढरा शर्ट घातलेला माणूस दुपारपर्यंत कोळशाचा व्यापारी वाटतो. मी छताच्या पॅनलला गोंद मारला, तो जरा सुकून चिकट होईपर्यंत थांबलो, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या मिलचा ट्रक शेडच्या दारात वळला.

गोंदावर धूळ बसली. वरून कापड लावलं, तर आतून ठिपके वर आले. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. मुकेश भैया आला, मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाला, "अरे वाह भैया! तारे बना दिए!"

सगळं खरवडून परत केलं. रविवार गेला. 'वाह' म्हणे!

*

अण्णांना मदत करायची फार हौस. मी नको नको म्हणत असताना त्यांनी दाराचे पॅनल स्वतः कापायला घेतले. पुठ्ठ्याचा नमुना करायचा, एकदा सुलटा ठेवून कापायचं, एकदा उलटा ठेवून. म्हणजे एक उजवा, एक डावा. अण्णांनी दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. दोन्ही उजवे!

बरं, कापून थांबावं? फोम लावला, कापड ताणलं, कडा दुमडल्या, आणि मगच मला हाक मारली. डाव्या दाराला तो पॅनल लागायचा तर कापडाची बाजू दाराकडे आणि उघडी शीट आपल्याकडे. मी संतापून म्हणालो, "अण्णा, हे काय केलं? आता?"

अण्णा शांत. "उलटा लाव ना गा. डावीकडं मीच बसून राहिलो. ती तर उजवीकडं आहे."

*

आता स्क्रूचं ऐका. पॅनलच्या मागे वायरी असतात, स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, तारा असतात. म्हणून तिथे लहान स्क्रूच लावायचे. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती, ओरडून सांगितली होती, भिंतीवर खडूने लिहिली होती.

एका रविवारी अण्णा सिटवर बसले, स्टिक हलवायला गेले, तर हलेना. डावीकडे जाते, उजवीकडे जाते, मागे म्हणून येत नाही. अण्णांचा चेहरा उतरला. मी पुढचा पॅनल बघतो तर वर मधोमध छोटा पितळी गणपती. सुंदर बसवलेला. मुकेश भैयाने शेडच्या दाराला लावतात तेवढा लांब स्क्रू पार आत घातला होता, आणि तो मागे तारेच्या कप्पीला जाऊन टेकला होता!

माझा तोल गेला. म्हटलं, "भैया, हे आकाशात झालं असतं तर? खाली आले असते दोघं! जान चली जाती!"

मुकेश भैयाने गणपतीला हात जोडले. "इसीलिए तो ज़मीन पर ही रोक दिया ना, भैया."

*

तपासणीचे साहेब येणार होते. पॅनल लावलेले असतील तर आतलं काही दिसत नाही, म्हणून सगळे उघडून ठेवा, असा त्यांचा निरोप. मी आदल्या दिवशी अर्धी रजा टाकली, नवा रायपूरहून थेट उरला गाठलं आणि सगळे पॅनल काढले. कापडाला डाग पडू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळले. स्क्रू चहाच्या कपांत वेगवेगळे ठेवले. मुकेश भैयाने त्यातल्या एका कपात चहा ओतला, ते सोडा.

साहेब आले. टॉर्च मारला, तारा ओढून बघितल्या, रिव्हेटांवर बोट फिरवलं. "ठीक है," म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी चादर उघडली, एक पॅनल हातात घेतला, कापडावरून हळूच हात फिरवला.

"अरे, इतने अच्छे हैं. निकाले काहे को?"

मी तो पॅनल घेऊन परत चादरीत गुंडाळला. बोललो असतो तर विमान पास झालं नसतं.

*

शेवटी पॅनल बसले. सगळे. डावं दार सोडलं तर आत एक खोली वाटावी इतकं देखणं. मग आला वजनाचा दिवस. विलासने धान्याच्या गोदामातून काटे आणले, तीन चाकांखाली तीन ठेवले. विमानाचं वजन, त्यात पेट्रोल, अण्णा आणि काकू अशी बेरीज केली. उडायच्या मर्यादेपेक्षा दळणाच्या भरल्या डब्याइतकं जास्त! एकटे अण्णा उडू शकत होते. दोघं नाही.

अण्णांनी परत बेरीज केली. परत तेच. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि उजव्या दाराकडे गेले.

"अण्णा, हात लावाल तर बघा!" मी आडवा झालो. खरंच झालो. "माझे किती रविवार गेलेत त्यात!"

"मग काय करू गा?" अण्णा खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "पॅनल काढले तर ती बसत नाही. ठेवले तर तिले बसवता येत नाही. आणि बसतो म्हणून तरी कुठं म्हणून राहिली? पाहू म्हणते फक्त."

विलासनेसुद्धा डबा उघडला नाही. त्या दिवशी डबा तसाच परत गेला. अण्णा घरी जाऊन काकूंना काय बोलले, ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. म्हणाले, जेवण झालं की काढू. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. डबा आला. विलासने नेहमीसारखी झडप घातली आणि पहिला कप्पा उघडला. काकडी. दुसरा उघडला. उकडलेला दुधी, फोडणीसुद्धा नाही. तिसऱ्यात पाण्यासारखं ताक. चौथ्यात एक सुकी पोळी, तूप नाही.

विलासचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने तिथल्या तिथे काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काकू, डबा बदलला वाटते! कोणा पेशंटचा आला इकडं!"

"नाही रे, बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "अण्णांले सांग, मी पण तेच खाऊन राहिली. अन् पॅनलले कोणी हात लावू नका."