श्यामलाबाई आणि मार्मोसेटची काकडी

माझ्या सासूबाई श्यामलाबाई यांना स्वस्थ बसणं माहीतच नाही. लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं भाज्या चिरून त्या २००५ साली रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात गावाबाहेरच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची फळं चिरायला जाऊ लागल्या. तेही फुकट! मी पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली. मला तो शुद्ध चक्रमपणा वाटायचा.

त्यांची लाडकी माकडं म्हणजे ब्राझीलचे मार्मोसेट. मुठीएवढा जीव, कानांवर पांढरे झुपके. जुळी पिल्लं झाली की बापच त्यांना पाठुंगळी घेऊन हिंडतो, आई दूध पाजण्यापुरती जवळ घेते. पिल्लं बापाच्या तोंडातला घास ओढतात आणि तो खुशाल ओढू देतो. "तुझ्या सासऱ्यांनी कधी पोर कडेवर घेतलं नाही," असं आई, म्हणजे सासूबाई, मला दर आठवड्याला ऐकवायच्या.

मार्चमधल्या एका संध्याकाळी त्या कोशिंबिरीला काकडी चिरत होत्या. सवयीनं शेंड्याची चकती जिभेला लावून पाहिली, कडू तर नाही ना. इथली काकडी कधी कडू निघत नाही, पण हात काही ऐकत नाही. आणि त्या एकदम थांबल्या. सकाळपासून त्यांचा ओठ चुरचुरत होता, आता तिथे पाण्याचे फोड आले होते. माणसाला त्याचं काहीच नाही, पण हे फोड आणणारा विषाणू मार्मोसेटच्या जिवावर उठतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"ऋजुता, दुपारी तिथेही चाखली गं मी. माकडांना कसलं उष्टं म्हणून तो तुकडा भांड्यातच टाकला."

"कोणी पाहिलं का?" मी विचारलं. "मग गप्प बसा, आई. नसती आफत ओढवून घेऊ नका."

अर्धा तास त्या ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिल्या. मग मला न विचारता फोन उचलला आणि माकडांची देखभाल करणाऱ्या कीपरला, अक्षराला, सगळं सांगून टाकलं. मी संतापले. आता पेपरात नाव येईल, असं काहीबाही बोललेसुद्धा.

माकडांना लागण झाली का, हे कळायला दोन आठवडे वाट पाहायची होती. आत जायची त्यांना बंदी. तरी रोज दोन बस बदलून त्या जायच्या आणि काचेबाहेर उभ्या राहायच्या. बाप सुस्तावलाय का? लाळ गळतेय का? घरी आल्या की जेवण जात नसे. रविवारी मी सोबत गेले. पिल्लानं बापाच्या तोंडातला घास ओढला आणि आईंनी काचेवर हात आपटला, "नको रे, देऊ नकोस त्याला!" लोक बघायला लागले. मला लाज वाटली नाही. मलाही तसंच ओरडावंसं वाटत होतं.

पंधराव्या दिवशी अक्षरा धावतच बाहेर आली. इथेच जन्मलेली मुलगी, तिचं मराठी तसंच. "आंटी, सगळे ठीक आहे! All clear!"

आई मटकन बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. अक्षरानं माझा हात धरला.

"थँक यू, ऋजुता. आंटी त्याच रात्री सांगितली मला. ती घाबरली होती, पण तू म्हणाली, ring them now."

मी आईंकडे पाहिलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्याकडे काही केल्या बघेनात.