सशाचं कन्सोल

माझ्या थोरल्या भावाचा गुडघा कुस्तीत गेला. तेव्हापासून आमचे वडील त्याला नावानं हाक मारत नाहीत. 'लंगडं उठलं का?' असं आईला विचारतात. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आणि उपयोग संपला की माणूस संपला, एवढंच तिथून शिकून आले. मला त्यांचा राग येतो आणि तो मी लपवतही नाही.

दादानं आयुष्यात एकदाच काही मागितलं, ते घरापुढची रस्त्याकडची खोली. तिथं गेम पार्लर काढायचं होतं. वडिलांनी दिली, पण अट घालून. दसऱ्यापर्यंत पोरांची गर्दी दिसली तर खोली त्याची, नाहीतर तिथं खताचं दुकान निघणार आणि त्यानं मुकाट्यानं पोती उचलायची.

आमच्या उंब्रजच्या स्टँडजवळ एक पार्लर आधीपासून होतं. मशीन जुनं, पण क्रिकेट, फुटबॉल, मारामारी, सगळे गेम त्याच्याकडं. मी सांगलीहून फोन करून दादाला बजावलं की जुनंच घे, पोरं मशीन बघायला एकदा येतील, रोज यायला गेमच लागतो. पण याला अख्ख्या तालुक्यात पहिलं नवंकोरं कन्सोल आणायचं होतं. ते नुकतंच बाजारात आलेलं. जुने गेम त्यावर चालत नव्हते आणि नवा एकच निघाला होता. एक ससा उड्या मारत गाजरं गोळा करायचा. बाकीचे मागाहून येणार होते.

"अगं, मैदानात एक नंबरची कुस्ती शेवटालाच लागती," दादा म्हणाला. "लोक बसत्यातच की दिस मावळंपातूर."

बसतात, कारण जोड कुणाची ते आधीच फ्लेक्सवर छापलेलं असतं, मी म्हणाले. तुझ्या फ्लेक्सवर ससा आहे. त्याला हसू आलं नाही.

पाडव्याला नारळ फुटला. गल्लीतली पोरं आली, पेढे खाल्ले, रिमोट हातात फिरवून बघितले, सशाला चार उड्या मारायला लावल्या. एकानं क्रिकेट कधी येणार म्हणून विचारलं. येतंय, म्हणाला दादा. सगळी उन्हाळ्याची सुट्टी 'येतंय'मध्ये गेली. पोरं स्टँडकडं गेली ती गेलीच. वर मेल्यांनी दादाचंच नाव ससा पाडलं, कारण चालताना तो एका पायावर उडी मारल्यासारखा चालतो. दारावरून ओरडत पळायची. वडील ओट्यावर बसून ऐकायचे, आणि एकदा तर हसले.

दादा तरी रोज सकाळी कन्सोल पुसायचा, उदबत्ती लावायचा आणि रिकाम्या खोलीत बसून राहायचा. आईनं वडिलांना विनवलं, त्याला अजून थोडे दिवस द्या म्हणून. त्यांनी कॅलेंडरवरच्या दसऱ्यावर बोट ठेवलं. खंडेनवमीला दादानं कन्सोल पूजेला मांडलं, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसरा. वडिलांनी झेंडूच्या माळेसकट ते उचललं आणि स्टँडजवळच्या त्या पार्लरवाल्याला विकून आले.

आणि दिवाळीच्या तोंडावर त्या कन्सोलवर कुस्तीचा गेम आला. लाल माती, लंगोट, शड्डू, सगळं. भाऊबीजेला मी स्टँडवर उतरले तर पार्लरबाहेर पोरांची ही झुंबड. आत डोकावले. मशीन आमचंच होतं, कडेला कुंकवाचा डाग तसाच.

घरी खताचा टेम्पो उभा होता. दादाच्या पाठीवर पोतं. वडीलही गर्दी बघून आले होते.

"तुझंच खरं झालं रं," ते म्हणाले. "एक नंबरची कुस्ती शेवटालाच लागली. फकस्त मैदान दुसऱ्याचं."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईनं हात धरला. दादानं पोतं खाली ठेवलं आणि हळूच मला विचारलं, लय पोरं हायत का गं तिथं? मी हो म्हणाले. उभं राहायला जागा नाही, म्हणाले.

त्याचं तोंड उजळलं. "मी म्हटलं न्हवतं?" म्हणाला, आणि पुढच्या पोत्याला वाकला.