एकशे अकरावर एक पाय

आकाराम तात्या फौजेतनं पेन्शन घेऊन आष्ट्याला परत आले, तेव्हा ट्रंकेत रमच्या बाटल्या असतील म्हणून भावकी जमली होती. निघाला एक रेडिओ, आणि तात्यांच्या डोक्यातनं निघालं क्रिकेट. कुठल्या इंग्रज खेळाडूचा जन्म आठ-चार-त्रेसष्टचा आणि कसोटीतल्या धावाही नेमक्या आठ हजार चारशे त्रेसष्ट, हे त्यांना पाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला, शालूबाईला, विचारून सांगायचे.

तेव्हापासून गावच्या स्पर्धेत अंपायर म्हटलं की तात्याच. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी पहिल्याच चेंडूवर आऊट दिलं. त्या दिवाळीला मेव्हणा घरी फिरकला नाही, आणि लाडू उरले.

पण लोकांना खरी गोडी त्यांच्या एकशे अकराची. साहेबाच्या मुलखात हा स्कोअर अशुभ धरतात. तिथला एक अंपायर स्कोअर एकशे अकरावर असला की पाय उचलून उभा राहायचा म्हणे. तात्यांनी ते रेडिओवर ऐकलं आणि तसंच सुरू केलं. आपल्याकडं एकशे अकरा रुपये आहेर करतात, त्याला अशुभ म्हणणाऱ्यांची शालूबाईला कीव यायची. तरी पोरं शिट्ट्या मारायची, तात्या बगळ्यासारखे उभे राहायचे आणि ती पदराआड हसायची.

यंदा हसू पळालं होतं. थंडीत तात्यांच्या छातीत स्टेंट बसवला होता, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. वर कानाच्या कसल्याशा दुखण्यानं तोल जायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी शालूबाईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पडू देऊ नका. डोक्याला मार लागला तर आतलं रक्त थांबायचं नाही."

"आवं, औंदा ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली.

"नुसतं उभं ऱ्हायचं हाय. अंपायर काय पळतो व्हय?"

"आन् एकशे अकरा झालं म्हंजे?"

"तवाचं तवा बघू."

फायनलच्या दिवशी तिनं काठी पिशवीत तिरकी घातली, कारण तात्या ती चारचौघांत हातात धरत नव्हते. मैदानाच्या कडेला तिनं पुतण्याला गाठलं. तो बॅटिंगला जायचा होता.

"जयराज, एकशे अकरावर थांबायचं न्हाई. उडी मारून पुढं जायचं."

"काकू, ती काय गटार हाय उडी मारायला?"

"तुझा चुलता पडंल रं."

जयराजनं एकदा तात्यांकडं बघितलं आणि हेल्मेटचा पट्टा उगाच आवळला. "बघतो," म्हणाला.

समोरच्यांनी एकशे सव्वीस केले होते. जन्मात कधी स्कोअरच्या फळ्याकडं न बघितलेली शालूबाई आज त्याच्यावरनं नजर हलवेना. नव्वद झाले, शंभर झाले. माईकवरनं आप्पासो ओरडला, "तात्या, पाय तयार ठेवा." सगळं मैदान हसलं. तिला वाटलं, जाऊन त्याच्या माईकची वायरच उपटावी.

एकशे दहा झाले. जयराजनं तिच्याकडं बघितलं, आणि आभाळात जाईल असा टोला हाणला. चेंडू आभाळात गेला खरा, पण खाली यायला विसरला नाही. झेल.

परत येताना तो तिच्याजवळ थांबला. "काकू, उडी मारायलाच गेलतो."

नव्यानं आलेल्या साईराजनं दोन चेंडू नुसते अडवले. ते तरी बरं, असंच षटक संपू दे, असं तिनं देवाला म्हणेस्तोवर त्यानं तिसरा ढकलला आणि एक धाव पळून तात्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

शिट्ट्या सुरू झाल्या. तात्यांनी पाय उचलला.

आधी टोपी हलली, मग खांदे. शालूबाईचा हात पिशवीतल्या काठीवर घट्ट झाला. तात्यांचा तोल जातोय हे साईराजच्या ध्यानात आलं असावं, कारण तो गुमान सरकला आणि तात्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. गोलंदाजानं चेंडू टाकला. पलीकडच्या टोकाला बॅटिंग करणाऱ्या वीरधवलनं तो मोकळ्या जागेत मारला, "पळ" म्हणून ओरडला आणि स्वतः सुटला. साईराज हलला नाही. हलणार कसा, खांद्यावर अख्खे तात्या होते. वीरधवल अर्ध्यातनं मागं वळला, तोवर स्टंप उडाले होते.

"रनआऊट. स्कोअर तिथंच, एकशे अकरा," आप्पासो म्हणाला. "तात्या, पाय वरच ऱ्हाऊ द्या."

तात्या बॅट ओढत निघालेल्या वीरधवलकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय सावकाश खाली टेकवला.

"आप्पासो, पुरं झालं. पोरगं माझ्यामुळं आऊट झालं," म्हणाले. शिट्ट्या थांबल्या.

साईराजच्या खांद्यावरचा हात न काढता ते कडेकडं वळले. गड्यांच्या देखत त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"शालू, पिशवीतली काठी आण."

म्हणजे त्यांनी सकाळीच बघितली होती. ती चपला काढून सरळ निघाली. सगळं मैदान बघत होतं, पण तिचे डोळे तात्यांच्या पायांवर होते.

"आगं, पिचवरनं येऊ नको," तात्या म्हणाले. "कडनं ये."