शिळ्या पाण्यातले पाहुणे

लिहिणाऱ्यांत माझी गणती नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं का, हे विचारायलाही घरात कोणी नाही. चुकलं तर माफ करावं. पण माझ्या मावशीच्या यजमानांइतका स्वच्छ माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात नाही, आणि त्या स्वच्छतेने माझा जितका जीव खाल्ला तितका केमिस्ट्रीनेही खाल्लेला नाही.

काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पाथर्डीहून शिकायला आलेला मी त्यांच्याकडेच राहतो. ते साबणाची वडी वापरण्याआधी धुतात. मी पुसलेली सायकल पुन्हा पुसतात. नळाला दिवसाआड पाणी येतं. ते आलं की आधीचं पाणी शिळं ठरतं. हंडे, कळशी, माठ, सगळं झाडांना ओतायचं, घासायचं आणि ताजं भरायचं. ही रीत आमच्याकडे घरोघर आहे, पण काकांचा नळ सूं करायला लागला की मावशी हातातला चहासुद्धा लपवते.

अशा माणसाने माशांची टाकी आणली! कारण त्यांची पुण्याची नात. मागच्या सुट्टीत ती दुसऱ्याच दिवशी "माझे मासे, माझे मासे" करून रडायला लागली आणि लेक तिला परत घेऊन गेली. यंदा काका काष्टीच्या बाजाराला जातो म्हणून निघाले आणि नगरहून काचेची टाकी मांडीवर घेऊन एसटीने परतले.

मी व्हिडिओ पाहिले, सरांना विचारलं आणि भीत भीत सांगितलं, "काका, पाणी भरून, फिल्टर लावून काही आठवडे टाकी नुसतीच चालू ठेवायची. फिल्टरच्या स्पंजात चांगले जिवाणू वाढतात, ते माशांची घाण पचवतात. मासे त्यानंतर."

"मंजी पाणी शिळं करायचं?"

"मुरवायचं, काका."

"पाणी काय लोणचं हाय व्हय रं?"

लगेच गप्पी मासे आले. नळ आला. काकांनी टाकी ओतली, खडे घासले, स्पंज साबणाने धुतला आणि ब्लीचिंगचा वास मारणारं ताजं पाणी भरलं. संध्याकाळी मासे उलटे तरंगत होते. पुन्हा मासे, पुन्हा नळ, पुन्हा तेच. त्यात खाऊ घालण्याचा आग्रह. मी चिमूटभर टाकलं की काका मूठभर टाकत. "पाव्हण्याला हात आखडून वाढायचं न्हाई." मावशी म्हणायची, "मला कंदी वाढलं का असं?"

शेवटी माझा आवाज चढला. "असंच चाललं तर तुमची नात येईल तेव्हा टाकी रिकामीच असेल. पुन्हा दुसऱ्या दिवशी जाईल ती!"

काका चष्मा पुसू लागले. स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले.

त्यानंतर टाकी नुसतीच बुडबुडत राहिली. नळ आला की काका मोह नको म्हणून घराबाहेर जाऊन बसत. शेजारी टोमणे मारत, "काय तात्या, मासं गावाला गेलं का?" काका तोंड पाडून सांगत, "येनार हायेत. घर तयार हुतंय त्यांचं." मग थोडेच मासे आले, आणि ते जगले.

सुट्टी लागली, मी पाथर्डीला आलो. नात आली की नाही, राहिली की नाही, काही कळेना. काकांचा फोन लागेना. अखेर परवा मावशीचा फोन आला.

"राहिली की रं, सुट्टीभर राहिली! जाताना लई रडली."

"मासे आवडले ना?"

"मासं कुठलं! शेजारची शेळी व्याली. पोरगी दिवसभर करडू घिऊन बसायची. टाकीकडं ढुंकून बघितलं न्हाई."

मला इतका राग आला की मी फोन ठेवायलाच निघालो. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "त्याला सांग, राहिली म्हनावं. सुट्टीभर राहिली."