बाजूच्या खोलीतला पेशंट

ॲडमिशनच्या याद्या लागल्या की मेडिकल कॉलेजच्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात – यवतमाळला रूम कुठे बघू, पुस्तकं नवी घेऊ की सीनियरची, हाडांचा संच लागतोच का... मी आता इंटर्न आहे, त्यामुळे यंदा उत्तर द्यायची पाळी माझी. आधी कामाचं सांगते.

रूम कॉलेजला पायी जाता येईल अशीच घ्या. आणि बघायला दुपारी जा. स्लॅब किती तापतो ते सकाळी कळत नाही. उन्हाळ्यात पाणी येतं का, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. पहिल्या वर्षाची जाड पुस्तकं सीनियरकडून घ्या, फक्त आवृत्ती फार जुनी नको. हाडांचा संच दोघींत एक पुरतो. आणि बाजूच्या खोलीत कोण राहतं, हे रूम घेण्याआधी स्वतः दार उघडून बघा.

हे शेवटचं गमतीनं लिहिलेलं नाही. सांगते.

आमच्या घरी बाधा-करणीचं कोणी नाव काढलं तर बाबा जेवता जेवता हसायचे. ते वीज मंडळात लाइनमन. त्यांच्या मते जे टेस्टरला लागत नाही ते नाहीच. मीही तशीच वाढले. आजही मी कुणाला ताईत बांधू देत नाही. पण जे झालं ते झालं.

माझं गाव फुलसावंगी. ॲडमिशन उशिराच्या फेरीत झाली, हॉस्टेलला जागा नव्हती, म्हणून प्रणाली आणि मी मिळून कॉलेजच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर रूम घेतली. प्रणाली वणीची. वडील कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, आणि हिचा आवाजही ट्रकच्या हॉर्नसारखा. खाली घरमालकीण काकू, एकट्या, फार मायाळू. वर दोनच खोल्या. एक आमची, आणि मधल्या पातळ भिंतीपलीकडची, जिचं दार गॅलरीत उघडायचं आणि कायम लावलेलं असायचं. मला वाटलं, कोणीतरी फायनल इयरचा अभ्यासू सीनियर असेल.

असं वाटायचं कारण म्हणजे त्याचा आवाज.

एप्रिल होता. प्रणाली लायब्ररीत गेली होती, मी हातातल्या नसा पाठ करत होते. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून तो बंद केला, आणि भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज. सपाट, घाई नसलेला. परीक्षकांपुढे पेशंटची केस सांगतात ना, तसा.

“पेशंट स्त्री, वय एकोणीस, राहणार वणी. विद्यार्थिनी. सकाळपासून ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या. उजेड सहन होत नाही. ऊन लागलं असं समजून रूमवरच ठेवण्यात आलं. पायांवर जांभळट ठिपके होते, ते सोबतच्या मुलीनं पाहिले नाहीत...”

प्रॅक्टिकलची तयारी चाललीय, एवढंच माझ्या मनात आलं. तेवढ्यात खालून काकूंनी हाक मारली, “पोरी, नळ आला वो!” मी बादल्या घेऊन पळाले. परत आले तेव्हा सगळं शांत होतं.

संध्याकाळी प्रणालीला म्हटलं, “बाजूवाल्या सीनियरकडे तुझ्या वणीची पेशंट आहे.”

“असन कोणी,” ती म्हणाली. “वणीवाले सगळीकडंच रायते. पण मले तर तो सीनियर कधी दिसलाच नाही.”

मलाही दिसला नव्हता. पण परीक्षेच्या दिवसांत कोण कुणाला दिसतं?

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी प्रणाली उठलीच नाही. अंग तापलेलं. दोनदा ओकली. मी खिडकी उघडली तर किंचाळली, “बंद कर ना ते! डोये फुटून राह्यले माहे!”

काकू वर आल्या, कपाळाला हात लावला. “काल भर उन्हात फिरली न. ऊन लागलं पोरीले. कांद्याचा रस लावतो तळपायाले, पन्हं देतो. निजू दे.”

यवतमाळच्या एप्रिलमध्ये कोणीही हेच म्हणेल. मीही मान डोलावली. काकू कांदा किसायला खाली गेल्या, आणि मी तिथंच उभी राहिले... कारण ‘ऊन लागलं’ हे शब्द मी आधी ऐकले होते. भिंतीपलीकडून.

मी तिच्या अंगावरची चादर सरकवली. सलवार वर केली. घोट्याच्या वर, पोटरीवर, टाचणी टोचावी तसे जांभळट ठिपके होते.

मग काय केलं ते तुटक आठवतं. मी जिन्यातूनच ओरडले. काकूंनी ऑटो थांबवला. कॅज्युअल्टीत मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना जे सांगितलं ते माझं नव्हतंच. भिंतीपलीकडून ऐकलेलं वाक्यामागून वाक्य म्हणत गेले, आणि शेवटी म्हटलं, “सर, पायांवर ठिपके आहेत.” त्यांनी तिची मान वाकवून बघितली. वाकेना. त्यानंतर तिथं एकदम पळापळ झाली.

मेंदूज्वर होता. प्रणाली वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं सर म्हणाले. मग मला विचारलं, “फर्स्ट इयरला पेशंटची हिस्ट्री घ्यायला कोणी शिकवलं तुला?”

“आमच्या बाजूला एक सीनियर राहतात,” मी म्हटलं.

प्रणालीला रूमवर आणल्यावर आम्ही दोघी त्या सीनियरचे आभार मानायला निघालो. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “कोणता सीनियर? थे खोली कोणालेच देल्ली नाही म्या.” त्यांनी किल्ली आणून दाराचं लॅच उघडलं. आत तुरीचे कट्टे, पोत्यांवर पोती. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, खालपासून छतापर्यंत. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती. त्यांच्या भावाचा माल, आम्ही रूम घेण्याआधीपासून तसाच पडून होता.

“आंधी कोणी राहत होतं का इथं?” प्रणालीनं विचारलं.

“नाही वो बाई. घर बांधलं तवापासून सामानच रायते.”

मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, गल्लीत कुणाचा तरी आवाज भिंतीतून घुमला असेल. असेल. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी विचारून आले. मेडिकलचं कोणीच तिथं राहत नव्हतं.

मी रूम सोडायला निघाले होते. प्रणालीच तयार नव्हती. “मले वाचवलं त्यानं. त्याले काहून भ्यायचं?” परीक्षा होईपर्यंत राहायचं ठरलं. मी दुपारी कूलर बंदच करत नसे.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आम्ही सामान बांधत होतो. कूलर काकूंना परत दिला होता. प्रणाली पुस्तकं बांधत होती, मी दाराजवळ चपला पिशवीत घालत होते. आणि तोच आवाज आला. तसाच सपाट.

“पेशंट, राहणार फुलसावंगी...”

मी कानांवर हात दाबले. प्रणालीनं माझा दंड धरला. “थांब! आयक ना! तुह्यासाठीच सांगून राह्यला तो!” मी हात सोडवून घेतला आणि अनवाणी जिना उतरले. तापलेल्या रस्त्यावर उभी राहून मोठमोठ्यानं नसांची नावं म्हणत राहिले, दुसरं काहीच ऐकू येऊ नये म्हणून.

बऱ्याच वेळानं प्रणाली खाली आली. हातात माझ्या चपला होत्या.

“काय म्हणाला?”

“काही नाही. तू गेली अन् बंदच झाला.” माझ्याकडे न बघता तिनं चपला माझ्या पायांशी ठेवल्या.

ही गोष्ट मी एका मानसोपचाराच्या सरांना सांगितली आहे. ताण, उन्हाळा, आधी ऐकलेलं आणि नंतर जुळवलेलं... त्यांनी सगळं समजावलं. ठिपक्यांचं काय, म्हटल्यावर मात्र त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्रणाली आता माझ्यासोबतच इंटर्न आहे, एकदम धडधाकट. मी गावाला निघाले की दर वेळी बसस्टँडवर सोडायला येते, आणि दर वेळी बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणते, “तुह्या बाबाचा ईसीजी काढून घेजो.”

मी काढते. आतापर्यंत नॉर्मलच येतोय.

आईचा काढ, असं मात्र ती कधीच म्हणत नाही.